नोंदवही, दिवस अकरावा

दोन दहा. डावीकडून, अठरा मिनिटं.
तीन पन्नास. उजवीकडून, नऊ, मग झोपला.
शू चार वेळा. शी पिवळी, मोहरी फेसल्यासारखी,
डॉक्टर म्हणाल्या होत्या तश्शीच.

मी चाकणला क्वालिटीत आहे.
मायक्रोमीटर लावून बेअरिंग पास करते,
पाच मायक्रॉन जास्त, की लाल पेटीत.
म्हणून ही वही, चार रकाने आखलेली.
शैलेंद्रने ऑफिसातून आणली,
मागच्या पानावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा हिशेब:
केक सहाशे, समोसे, मेणबत्त्या, उरले अकरा रुपये.

सहाला धनकवडीच्या चढावर
दूधवाल्याची स्कूटर दम टाकते.
कात्रजच्या डोंगरावरून ऊन यायला अवकाश आहे.
मी त्याच्या छातीवर दोन बोटं ठेवून मोजते:
श्वास, श्वास, श्वास, मग
काहीच नाही,
मग एकदम तीन.
डॉक्टर म्हणतात, असंच असतं या वयात.
पण याच्यावर शिक्का कुठला मारायचा?

आठला सोलापूरहून फोन. गुटी सुरू केलीस का?
फक्त दूध, आई. पाणीसुद्धा नाही.
पलीकडे बराच वेळ कुकरची शिट्टी.
मग: बरं. पण टोपडं घाल.

साडेनऊला हौसाबाई.
चपला दाराबाहेर, पदर खोचलेला,
बांगड्या काढून खिडकीत,
हात कोपरापर्यंत साबणाने.
आजवर नुसतंच पुसून घ्यायच्या त्याला.
आज लंगोट सोडला तर
नाळ त्यातच पडलेली,
काळी, सुकलेल्या आमसुलासारखी,
आणि बेंबीपाशी एक ओलसर ठिपका.
याच्यातून तो नऊ महिने जेवला.
मी वही उघडली. चारही रकाने बघितले.
बंद केली.

टबात माझं प्लॅस्टिकचं बदक, पोटात थर्मामीटर.
हौसाबाई कोपर बुडवतात: अजून तांब्याभर गार.
तांब्याभर ओतल्यावर बदक सदतीस दाखवतं.
मला हायसं वाटतं.
थोडा रागही येतो, कुणाचा ते कळत नाही.

आधी किंचाळला, मुठी आवळून, जांभळा होईस्तोवर.
मग पाणी मानेवरून गेलं
आणि तो गप्प झाला,
काहीतरी आठवल्यासारखा.
काखेत, मांडीच्या घडीत, कानामागे,
दूध साचतं तिथे हनुवटीखाली,
हौसाबाईंची बोटं बरोब्बर जातात.
टिपून, जुन्या सुती दुपट्यात गुंडाळून
पोरगं माझ्या मांडीवर. आणि मग

काय लिहितेस गं सारखं?
मी वाचून दाखवलं. वेळ, बाजू, शू, शी.
त्या ऐकत राहिल्या, केसांचं पाणी झटकत.
आणि ह्यात तू कुठंयस?

म्हटलं, टाके ओढतात. उजवी बाजू दगड झालीये.
म्हटलं, काल तो रडत होता
आणि मला उठावंसंच वाटलं नाही. मिनिटभर.
मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

मला वाटलं आता त्या डोक्यावरून हात फिरवतील.
नळ कशाला सोडायचा? म्हणाल्या.
तुमच्याकडं पाणी अकरापर्यंतच येतं.
नुसतं रडावं.
आणि फडकं गरम पाण्यात पिळून
माझ्या उजव्या बाजूवर ठेवलं.
उद्याही असंच वाटलं तर डॉक्टरणीला सांग.
लपवू नको. मी लपवलं होतं.
बांगड्या एकेक चढवल्या,
पुढचं घर बिबवेवाडीत, जुळी आहेत म्हणे.

अकरा चाळीस. उजवीकडून.
मोजलं नाही.
पाचवी रेघ मारली, वाकडी आली, पट्टी सापडेना.
त्यात लिहिलं: भूक लागली. तीन लाडू खाल्ले.
खाली: नाळ काडेपेटीत ठेवलीय, ओट्यावर.
शैलेंद्र, गॅस पेटवायला उघडू नकोस.